नायिकेची पावलं

पडद्यावरच्या बायका चालताना ऐकू येणारी पावलं त्यांची नसतात, हे इस्त्रीताईला पहिल्यांदा कळलं तेव्हा ती अर्धा दिवस हसत सुटली होती. स्टुडिओत ही पावलं वाजवायचे एक मामा. आडमाप देह, झुबकेदार मिशा. नायकाची पावलं तेच, खलनायकाची तेच, घोड्याचीही तेच. नायिकेची पाळी आली की मामा तिच्या उंच टाचांच्या बुटांत हात घालून गुडघ्यांवर बसायचे आणि फळीवर टकटक करायचे. एवढ्यावर आजवर सगळ्यांचं निभावलं होतं. पण नव्या सिनेमातली नायिका गुप्तहेर निघाली. परक्यांच्या घरात सारखी चोरपावलांनी हिंडणारी. मामांची टकटक ऐकून दिग्दर्शकसाहेबांनी कपाळाला हात लावला.

"ही बाई हेरगिरीला निघालीय की कांदा चिरायला?"

इस्त्रीताईचा नंबर लागला तो असा. ती कपडेपटात इस्त्री करायची. शिवाय नायिकेचे नवे बूट चावू नयेत म्हणून आधी चार दिवस ते घालून हिंडायचं, हेही काम तिच्याच गळ्यात. बाईसाहेबांच्या पायाला यायचे ते फोड हिच्या पायाला यायचे. मामांनीच तिला हाताला धरून ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आणलं.

"हिला बूटही येतात आणि चालताही येतं. मी आता थकलो. हा सिनेमा हिनं नीट पार पाडला तर माझी जागा हिला द्या."

"आणि नाही पार पाडला तर?" साहेबांनी विचारलं.

"तर इस्त्री आहेच की तिची."

ती इस्त्री म्हणजे कोळशाची, चांगली दणकट. मनगटांवर डागांची रांग, छातीत कायम धूर. त्या खोलीतून सुटायचं या कल्पनेनंच ताईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. घरी वहिनीला सांगितलं तर वहिनी म्हणाली, "वन्सं, चालायचे पैसे देतात? मग तुमच्या भावाला पाठवा. दिवसभर नुसता येरझारा घालतो."

ध्वनिमुद्रणाची खोली ताईला भलतीच आवडली. जमिनीवर एक चौकोन दगडी फरशीचा, एक लाकडी फळ्यांचा, एक खडीचा. समोर पडद्यावर मुका सिनेमा चालायचा आणि त्याच्या पायांबरोबर पाय टाकायचे. नायिका वळली की रेशमाचा तुकडा मायक्रोफोनजवळ हलवायचा. एकदा तर नायक-नायिकेनं एकमेकांना जवळ घेतलं आणि मामांनी शांतपणे स्वतःच्या मनगटाचा मुका घेतला. ताई पदरात तोंड खुपसून इतकी हसली की काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टनं यंत्रच बंद केलं.

मामांचा नियम मात्र एकच होता. "चेहरा बघायचा नाही. पाय बघायचे. चेहऱ्यात गुंतलीस की मेलीस!"

ताईनं तो नियम इमानेइतबारे पाळला. शेवटचं रीळ येईपर्यंत.

त्या दिवशी सगळ्यांचीच तारांबळ उडाली होती. संध्याकाळी सिनेमा छपाईला जायचा होता, आणि खोली दुसऱ्या कंपनीला दिलेली. त्यांचे वादक बाहेर व्हरांड्यात वाद्यं लावत बसले होते. सरावाला वेळ नाही, थेट मुद्रण. लाल दिवा लागला.

पडद्यावर नायिका. ज्याच्यावर पाळत ठेवायला तिला पाठवलं, त्याच्याच प्रेमात पडलेली. सगळं काही त्याला सांगून टाकायला ती निघाली होती. लांबलचक बोळ, टोकाला त्याच्या खोलीचं दार. ताई फरशीवर चालू लागली. टक, टक, टक. पाय बघ, पाय बघ, असं स्वतःला बजावत होती. पण किती झालं तरी माणूसच ती. तिनं एकदाच वर बघितलं. नायिकेच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. आणि दारामागे, नायिकेला दिसणार नाही अशा ठिकाणी, पिस्तूल रोखून खलनायक उभा!

ताईचे पाय जागच्या जागी खिळले.

पडद्यावरची बाई चालत राहिली. बिनआवाजी, सरळ दाराकडे. तिकडून नायक धावत येऊन तिला बाजूला ओढणार होता, पण ताईला हे कुठं ठाऊक?

लाल दिवा विझला. साहेब काचेपलीकडून ओरडले ते खोलीतही ऐकू आलं. "थांबलीस का? कुणी सांगितलं थांबायला?"

"साहेब, आत तो उभा होता..." ताई म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात वादकांनी दार उघडलं आणि ढोलकासकट आत शिरले. पुन्हा मुद्रण करायची सोयच राहिली नाही.

कोपऱ्यात सिनेमाची काटछाट नि जुळणी करणारा संकलक बसला होता. तो मितभाषी माणूस. "पावलं थांबली तिथंच चित्रही कापतो," तो म्हणाला. "तिथं तिचा नुसता चेहरा लावतो. म्हणजे तिला संशय आला. नायकानं वाचवायची गरज नाही, ती स्वतःच वाचेल. पुढं आधीच्या रिळातली तिची जिन्यावरची धाव जोडतो, ती पावलं झालेलीच आहेत."

"दारामागचं तिला कसं कळलं, म्हणून लोक शिट्ट्या मारतील!" साहेब म्हणाले.

"मारतील किंवा नाही मारणार."

दुसरा इलाज नव्हता. साहेबांनी ताईकडे बोट रोखलं. "पहिल्या खेळाला लोक हसले, तर दुसऱ्या दिवशी तू इस्त्रीवर. कळलं?"

पहिल्या खेळाला ताई वहिनीला घेऊन गेली. दुपारची वेळ, तरी थिएटर तुडुंब. तिकिटं मिळाली ती अगदी पुढची, माना वर करून बघायची. काळ्यापांढऱ्या उजेडात नायिका रुसली, हसली, कुलपं उघडत फिरली. वहिनी तर प्रेमप्रसंगाला डोळ्यांतून पाणी काढत होती. ताईला त्यातलं काही दिसत नव्हतं. ती बोळाची वाट बघत होती.

बोळ आला. टक, टक, टक. दारामागे पिस्तूल. कुणीतरी किंकाळी दाबली. टक, टक.

पावलं थांबली.

पडद्यावर नुसता चेहरा. डोळे दारावर. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. ताईनं कानांवर हात ठेवले, आता हसतील, आता शिट्टी येईल. मग मागून एक बाई जोरात म्हणाली, "ओळखलं गं बाईनं! पळ आता!" आणि सगळं थिएटर उठून टाळ्या पिटायला लागलं. वहिनी खुर्चीवर उभी राहिली होती.

ताईला राहवेना. तिनं शेजारच्या अनोळखी गृहस्थाचा दंड धरला. "अहो, मी थांबले! ती पावलं माझी आहेत!"

नायिका आता जिन्यावरून धावत सुटली होती. गृहस्थानं पडद्यावरची नजर काढली नाही. वैतागून त्यानं तिचा हात झटकला.

"गप्प बसा हो बाई. पावलं ऐकू द्या!"

ताई गप्प बसली. मांडीवर दोन्ही हात घट्ट धरून, गालांवरून घळाघळा पाणी वाहत असताना, तीही सगळ्यांबरोबर ऐकत राहिली.