बाहेरच्या खोलीतला उजेड

आमची कंपनी ब्राउझर बनवते, म्हणजे ज्यातून लोक इंटरनेट बघतात ते. अंधेरीतल्या आमच्या टीमकडे तेव्हा एक नवं काम आलं होतं. फोन-टॅबवर कॅमेऱ्याशेजारी आसपासचा उजेड मोजणारा बारीकसा सेन्सर असतो. त्याचा आकडा ब्राउझरने वेबपानाला द्यायचा, म्हणजे उन्हात अक्षरं ठळक होतील आणि अंधारात पान मंद होईल. वाचणाऱ्याला न विचारताच तो द्यावा, असा माझा हट्ट होता. कशाला उगाच लोकांना प्रश्न विचारून पिडायचं? टीममधली बोरिवलीची एक मुलगी मात्र अडून बसली.

"उजेडावरून घरातलं कळतं गं," ती म्हणाली.

"ट्यूबलाइट काय चुगल्या करणार आहे?" मी म्हटलं. सगळे हसले, आणि मला बरं वाटलं हेही कबूल करते.

चाचणीसाठी मी घाटकोपरला आमच्या बाहेरच्या खोलीत एक जुना टॅब ठेवला. त्यावरचं पान दर मिनिटाला उजेडाचा आकडा मला ऑफिसात पाठवायचं. घरात आई आणि मी, दोघीच. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. "कामाचा आहे, हलवू नकोस," एवढंच आईला सांगितलं.

आकडे विचित्र येऊ लागले. भर दुपारी, खिडकीसमोर, दीडशे-दोनशे यायला हवेत तिथे तीन, कधी दोन. दोन दिवस मी कोडमधली चूक शोधत बसले, टॅबला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी आलेख नीट पाहिला. सकाळी नऊला मी घराबाहेर पडते, सव्वानऊला रेघ खाली. संध्याकाळी मी आईला "निघाले" असा मेसेज करते, त्यानंतर दहा मिनिटांत रेघ वर.

मग मी एक आगाऊपणा केला. चार वाजताच, खुर्चीतून न उठता, "निघाले" लिहून पाठवलं. सात मिनिटांनी रेघ टुणकन वर गेली. मी लगेच बॅग उचलली आणि खरंच निघाले.

घरी पडदे बाजूला, ट्यूब लागलेली, आई नारळ खवत बसलेली.

"आई, तू दिवसभर अंधारात का बसतेस?"

तिचा हात थांबला. "तुला कोणी सांगितलं?"

मी टॅबकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं, खोट्या मेसेजसकट.

"मेले, आईवर पाळत ठेवतेस?" तिने उठून टॅब पालथा घातला. "मी काय चोऱ्या करते इथे?"

मी बाजूला सारलेल्या पडद्यांकडे पाहिलं. शेवटची दोन वर्षं बाबांना उजेड सोसत नव्हता, डोकं फुटायचं त्यांचं. पडदे ओढून, दिवे बंद ठेवून आई चाचपडत तांदूळ निवडायची. मला त्या काळोखाचा वीट आला होता. बाबा गेल्यावर पंधरा दिवसांत मीच पडदे काढून धुतले, नवीन ट्यूब बसवली. आईलाही सुटल्यासारखं वाटत असेल, असं मीच ठरवून टाकलं होतं.

भिंतीशी अजून तशीच असलेल्या बाबांच्या खाटेकडे बघत ती म्हणाली, "अंधार असला की ते झोपलेत असं वाटतं. दिवा लावला की खाट रिकामी दिसते. तुला बघून त्रास नको, म्हणून तू यायच्या आत लावते." मग पुन्हा खवणीवर बसत म्हणाली, "विचारलं असतंस तर सांगितलं असतं ना."

मला रडू फुटलं. वर्षभरात मी तिला जेवलीस का आणि गोळी घेतलीस का, यापलीकडे काहीच विचारलं नव्हतं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी माझाच मुद्दा खोडला. माणसाला विचारल्याशिवाय आकडा द्यायचा नाही, आणि दिला तरी ढोबळच द्यायचा. बोरिवलीची मैत्रीण माझ्याकडे बघतच राहिली. "काय झालं गं एकदम?" मी तिची माफी मागितली, पण कारण सांगितलं नाही. ती आईची गोष्ट होती, आणि ती मी एकदा तिच्या नकळत घेतलीच होती.

टॅब आता कपाटात आहे. "निघाले" मी अजून लिहिते, पण दिवा लावायची घाई करू नकोस असं आईला सांगून ठेवलंय. कधी घर उजळलेलं असतं, कधी नसतं. नसलं की मी अंदाजाने चपला काढते आणि तिच्या शेजारी जाऊन बसते.

"लावू का?" मी विचारते.

"थांब जरा," ती म्हणते.

मी थांबते.