आमचं आंगन पाहजा

आमच्या ले-आऊटमधल्या, म्हणजे कॉलनीतल्या बायकांनी उजाडायच्या आत गेटबाहेर पाय ठेवायचा नाही, असं पुरुषांनी ठरवलं, आणि तेही मारुतीच्या मंदिरात बसून. मीटिंगला मीही होते. यवतमाळात मास्तरकी करून निवृत्त झालेली बाई म्हणून मला पुढची खुर्ची दिली होती. ले-आऊटचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमी तरी समजावा सगळ्यायले." आणि मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा राग मला अजून येतो.

कारण घडलं होतं आदल्या दिवशी. माझ्या समोरच्या घरातली बाई, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, पहाटे अंगणात सडा टाकत होती. मोटरसायकलवर दोघं आले. गाडी सुरूच ठेवून मागच्यानं विचारलं, "काकू, डॉक्टरचं घर कोनतं?" आता पत्ता विचारणाऱ्याला आमच्याकडे नुसतं तोंडानं सांगत नाहीत. बादली खाली ठेवून दोन पावलं पुढे जायचं, हात लांब करायचा आणि थेट घर दाखवायचं, हीच रीत. तिनं तेच केलं. हात वर गेला आणि मागच्यानं तिच्या गळ्यातली सोन्याची पोत ओढून नेली. मी माझ्या दारात उभी होते. ओरडायला तोंड उघडेपर्यंत गाडी दारव्हा रोडला लागली होती.

पोत ओढताना तिच्या मानेवर उठलेला ओरखडा आठवड्यात भरला. पण ती बाहेर यायची बंद झाली. तिच्या नवऱ्यानं गेटला आतून कुलूप घातलं आणि कॅमेरा बसवला. भाजीवाली आली तरी ती खिडकीतून हात काढून पिशवी घ्यायची. एवढी बोलकी बाई, आख्ख्या गल्लीच्या खबरा हिच्याकडे, आणि आता तिचा आवाज ऐकायला मला कान लावून बसावं लागायचं. हे मला सहन होत नव्हतं.

माझा मुलगा पुण्याला असतो. त्याचा रोज फोन. "आई, यवतमाळचं नाव रोज पेपरात येऊन राह्यलं. तू घर बंद कर अन् इकडं ये. तवरक बाहेर निघू नको." पुण्याला जायचं मी टाळलं, पण बाहेर निघणं थांबवलं. पन्नास पन्नास पोरांना गप्प बसवणारी मी, स्वतःच गप्प बसले.

त्याच आठवड्यात शेजारचं कुटुंब लग्नासाठी राळेगावला गेलं. निघताना शेजारीण गेटपाशी येऊन म्हणाली, "बाई, आमचं आंगन पाहजा." हे आमच्या गल्लीतलं जुनं बोलणं. गावाला जाणाऱ्यानं शेजारणीला एवढंच सांगायचं. मग शेजारीण रोज त्या दारातही झाडते, सडा टाकते, चार ठिपक्यांची का होईना रांगोळी काढते. घर कुलूपबंद असलं तरी जागं दिसतं. मी म्हटलं, "हाव, जा बिनधास्त."

आणि मी एकदाही गेले नाही. रोज खिडकीतून ते अंगण बघायचे, उद्या जाऊ म्हणायचे आणि पडदा ओढायचे. चौथ्या दिवशी भरदुपारी कुलूप तुटलं. कपाट उघडं, पोरींच्या पायातले चाळसुद्धा गेले. पंचनाम्याला आलेल्या हवालदारानं आधी कपाट पाहिलं नाही, अंगण पाहिलं. कडुनिंबाचा पाला, घडी न उघडलेले चार पेपर, धूळ. "घरी कोनी नाई, हे दारावर लिहून ठेवल्यासारखंच झालं न," तो म्हणाला. समोरच्या घराच्या कॅमेऱ्यात चोर मात्र अगदी स्पष्ट आले होते, तोंडाला दुपट्टे बांधलेले.

निरोप मिळताच शेजारीण राळेगावहून परत आली. खाली वाकून तिनं चारही पेपर गोळा केले. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी बादली उचलली. आधी शेजारणीचं अंगण, मग माझं, मग समोरचं, गेटाला कुलूप होतं म्हणून गेटाबाहेरच्या गट्टूंच्या फरशीवर. अध्यक्ष फिरायला निघाले होते. थांबून म्हणाले, "बाई, आपलं ठरलं होतं न?"

"तुमचं ठरलं होतं," मी म्हटलं. "तुमी निघालेच न फिराले?"

ते पुढे गेले. मीही मागे हटले नाही. रोज तीन अंगणं. पाचव्या दिवशी समोरची खिडकी उघडली.

"बाई, उद्यापासून टाकू नका. मले बाहेर याचंच नाई."

"नको येऊ. मी टाकतो."

"पन काहून?"

"माह्याकडून एक आंगन कोरडं राह्यलं. आता दुसरं नाई ठेवत."

खिडकी बंद झाली. मला वाटलं, संपलं. आठवड्यानं कुलपाचा आवाज आला. ती रांगोळीचा डबा घेऊन बाहेर उभी होती. गळ्यात दोऱ्यात ओवलेली काळ्या मण्यांची पोत. माझ्या रांगोळीकडे बघून म्हणाली, "ठिपके किती तिरपे टाकता हो तुमी. गल्लीची इज्जत चालली." मला हसूही आलं आणि रडूही. मग शेजारीण आली, तिच्या पलीकडची आली. आता पहाटे आम्ही सात जणी असतो.

मागच्या महिन्यात सडा चालू असतानाच एक मोटरसायकल आली. वर एकटाच माणूस. गाडी समोरच्या बाईपाशीच हळू झाली. "काकू, पाटलायचं घर..." आम्ही सातही जणी ताठ उभ्या राहिलो. मी दोन पावलं मागे सरले, लाज कशाला वाटून घेऊ.

ती हलली नाही. म्हणाली, "आधी गाडी बंद कर. चाबी काढ. खाली उतर. मंग विचार."

त्यानं गाडी बंद केली, उतरला आणि पिशवीतून लग्नाची पत्रिका काढून दाखवली. घाबरून त्यानं ती आधी उलटीच धरली होती. तिनं पत्रिका नीट वाचली. मग बादली खाली ठेवली, दोन पावलं पुढे गेली आणि हात पूर्ण लांब करून त्याला घर दाखवलं.