गोवऱ्यांवर भाजलेली पुली

माझी पुतणी माघी मोखाडा ते खोडाळा या लाइनवर गाडी चालवते. लोक तिला जीप म्हणतात, पण ती आहे दोनदा विकली गेलेली एक जुनी मोठी कार. माघीनं ती घेतली एकाच कारणासाठी. तिला पावर स्टेअरिंग आहे. भाताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून उतरताना माघी एकदा घसरली आणि तिचा डावा खांदा कायमचा अधू झाला. तो हात भाकरी थापतो, गिअर टाकतो, पण स्टेअरिंगचं जड चाक ओढू शकत नाही.

माघी उंचीनं बेताची आहे. सीटवर गोधडीची घडी टाकून बसते, तेव्हा तिला रस्ता दिसतो. ओढणी कपाळावरून घट्ट बांधते. भांडण भरभर करते आणि गाडी सावकाश चालवते. उतारावर गिअर काढून गाडी सोडून देणाऱ्यांना ती ड्रायव्हर म्हणत नाही, घसरगुंडीवाले म्हणते. स्टँडवर तिच्याशी वाद घालायला कुणी पुढं येत नाही. एक रघु सोडला तर.

आता माझ्याबद्दल. मी ढवळू, बांधकाम खात्यात मैलकुली होतो. रस्त्याचा ठरलेला तुकडा सांभाळायचा. खड्डे बुजवायचे, गटारं उपसायची, दरड आली की दगड हलवायचे. निवृत्त झालो तेव्हा पगार थांबला, ताकद थांबली नाही. तिला काम नाही, ही घरच्यांच्या मते आमच्या पाड्यावरची सगळ्यात मोठी आपत्ती आहे. कुणी कुंपणाची मेख वरवर ठोकलेली दिसली की मी उपटतो आणि पुन्हा ठोकतो. निम्म्या मेखा त्यात फुटतात. माझी बायको सोमी मी घराबाहेर पडलो की शेजाऱ्यांना हाक मारून सांगते, ‘‘निघालेत.’’

भातझोडणी संपत आली होती. माघीच्या गाडीच्या बोनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. जव्हारचा मेकॅनिक विनोद आला. त्यानं बोनेट उघडलं आणि पट्ट्याशी बोट नेलं.

‘‘स्टेअरिंगच्या पंपाची पुली गेली. काठाला तडा आहे.’’

त्यानं समजावून सांगितलं. इंजिनाचा पट्टा ही पुली फिरवतो, पुली पंप फिरवते, पंप तेल दाबतो आणि ते तेल चाक वळवायला मदत करतं. एवढीशी वाटी फुटली की सगळा भार हातांवर. पुलरनं, म्हणजे पुली ओढून काढायच्या अवजारानं, त्यानं फुटकी पुली काढली. नवी नाशिकहून एसटीनं येणार होती. खोडाळ्याच्या आठवडी बाजाराच्या सकाळी येऊन बसवतो म्हणाला.

‘‘पंपाच्या दांड्याच्या, शाफ्टच्या, तोंडाला आटे आहेत. त्यात लांब बोल्ट घालून पुली आत ओढायची असते. तो बोल्ट गॅरेजला आहे.’’ मग माझ्याकडं वळला. ‘‘ढवळूकाका, हातोडा लावायचा नाही. एक ठोका मारलात तरी पंप आतून मेला.’’

मी काही करत नव्हतो. नुसता उभा होतो. हातोडा हातात होता, एवढंच.

इकडं रघुनं आपलं काम सुरू केलं. रघु म्हणजे गाडी नसलेला ड्रायव्हर. त्याच्या मालकानं गाडी विकून टाकली होती. माघीचा नवरा गोरख भिवंडीला गोदामात असतो, माघी आमच्या शेजारीच राहते. रघुनं त्याला परस्पर फोन लावला. गोरखचा माघीला फोन आला.

‘‘रघुला दे गाडी. खांदा सांभाळ तू. घरी बस थोडी.’’

‘‘बाजारापर्यंत थांब,’’ माघी म्हणाली. ‘‘बाजाराला मी गाडी नेली तर बोलायचं नाय. नाय नेली तर दे त्याला.’’

फोन ठेवून ती मला म्हणाली, ‘‘एकदा तो या गोधडीवर बसला ना काका, मग उठायचा नाय.’’

पुली बाजाराच्या आदल्या संध्याकाळी आली. सकाळी माघी विहिरीवर गेली आणि मी बोनेट उघडलं. विनोद वेळेवर येईल याचा मला भरवसा नव्हता. आयुष्यभर मी वेळेवर हजर राहिलो, त्यामुळं बाकी सगळे उशिराच येतात असं मला वाटतं. पुली शाफ्टवर धरून दाबली. अंगठ्यांनी दाबली, तळहातानं दाबली, छाती लावून दाबली. काठावर बसायची आणि तिथंच थांबायची.

मग आठवलं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात, ती काय ठोकून चढवतात? गोवऱ्यांच्या जाळात तापवायची, लोखंड फुगतं, चाकावर अलगद बसते. वरून पाणी मारलं की आवळून धरते. लहानपणी मी लोहाराला गोवऱ्या रचून दिल्या होत्या. विनोदनं ठोकू नका म्हटलं होतं. तापवू नका म्हटलं नव्हतं.

गोवऱ्या रचल्या. मन लावून रचल्या, खालून हवा खेळेल अशा. पुली भाजली. सोमीची सांडशी घेतली, पुली उचलली आणि शाफ्टवर धरली. अशी सरकली, जशी काही घरी परत आली. मी ताबडतोब तांब्याभर पाणी ओतलं. चर्र झालं, वाफ आली. हलवून बघितली. हलेना. पट्टा चढवला, तेल भरलं. इतकं सुबक काम माझ्या हातून नोकरीतही झालं नव्हतं.

माघी आली. गाडी सुरू केली. चाक एका बोटानं फिरलं.

‘‘काका!’’ ती ओरडली.

मी विनयानं आभाळाकडं बघितलं. त्यामुळं गाडीखाली काय चाललंय ते मला सगळ्यात शेवटी दिसलं. लाल तेलाची धार लागली होती.

तेवढ्यात विनोद मोटरसायकलवरून आला. वेळेवर. पिशवीत लांब बोल्ट. त्यानं आधी वास घेतला.

‘‘रबर जळलंय. पुली कशी चढवली?’’

‘‘ठोकली नाही,’’ मी म्हणालो.

‘‘मग?’’

‘‘भाजली.’’

विनोद गोवऱ्यांच्या राखेकडं बघत राहिला. ‘‘आणि वर पाणी?’’

‘‘एक तांब्या.’’

‘‘कांदा नाय चिरून टाकला?’’

पुलीच्या मागं शाफ्टभोवती रबरी सील असतं. तेल आत धरून ठेवायचं काम त्याचं. धाव चढवायच्या लाकडी चाकाला सील नसतं, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. आता अख्खा पंपच बदलायचा, म्हणजे पुन्हा नाशिक. विनोदनं पट्टा काढून ठेवला. ‘‘गाडी पळेल,’’ तो माघीला म्हणाला, ‘‘पण चाक दगडासारखं जड.’’

पाड्यावरची माणसं टोपल्या, पोती घेऊन जमली होती. रघुही आला. धुतलेला शर्ट, भिजवून विंचरलेले केस, खांद्यावर सीटवर टाकायला स्वतःचा टॉवेल.

‘‘वहिनी, चावी.’’

माघी गोधडीवर जाऊन बसली. गाडी मागं घेऊन अंगणाबाहेर वळवायची होती. तिनं दोन्ही हातांनी चाक धरलं आणि ओढलं. चाक थोडं फिरलं. पुन्हा ओढलं. तिचा डावा हात खाली सुटला आणि ओठ पांढरे पडले.

‘‘कशाला हट्ट?’’ रघु दाराला हात लावून म्हणाला. ‘‘खांदा पुरता गेला तर चूलपण बंद होईल. उतर.’’

माघीनं दार आतून ओढून घेतलं. ‘‘काका, पुढं बस. माझ्या डाव्या अंगाला.’’

‘‘मी?’’

‘‘ताकद वाया जाते ना रोज तुझी? बस. मी ओढ म्हटलं की ओढ, सोड म्हटलं की सोड. मधे डोकं चालवायचं नाय.’’

मी बसलो. माणसं मागं चढली. रघुही चढला. जरा वेळानं चाक आपल्याच हातात येणार, याची त्याला खात्री होती.

‘‘ओढ.’’

मी ओढलं. चिखलात रुतलेला रोलर दोरानं काढतात तसं ओढलं. गाडी गर्रकन फिरली आणि मागची बाजू आमच्याच कुडाच्या कुंपणात घुसली. माघीनं माझ्या मनगटावर चापट मारली.

‘‘गाडी वळवायचीय काका, झाड नाय उपटायचं!’’

मागून एक म्हातारी म्हणाली, ‘‘ढवळू, आम्हाला बाजारात जायचंय. तुझ्या घरात नाय.’’

‘‘आता तरी द्या,’’ रघु म्हणाला.

‘‘ओढ,’’ माघी म्हणाली. ‘‘निम्मं.’’

निम्मं म्हणजे किती हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं. खात्यात निम्मं ओढणाऱ्याला कामचोर म्हणायचे. मी हात आवरून ओढलं. गाडी रस्त्याला लागली.

सरळ रस्त्यावर, वेगात, चाक तिचं तिला जमत होतं. वळण आलं की ती गाडी हळू करायची आणि म्हणायची, ओढ. ही सगळी वळणं माझ्या नोकरीतली. प्रत्येक वळणावर मी खडी टाकली आहे, पण ते किती वळतं हे मला त्या दिवशी कळलं. दोनदा मी सोडायला उशीर केला, दोनदा चापट खाल्ली. तिसऱ्या वळणानंतर मागचे लोक तिच्याबरोबर ‘‘सोड, सोड’’ ओरडायला लागले. रघु एकटाच खिडकीबाहेर बघत होता.

खोडाळ्याला स्टँडवर खरी परीक्षा. दोन जीपच्या मधे गाडी उलटी लावायची, तीही जागच्या जागी चाक फिरवून. सगळे ड्रायव्हर चहाचे ग्लास धरून बघायला उभे राहिले.

‘‘ओढ. सोड. थोडं. अजून थोडं. बास.’’

गाडी आत गेली. दोन्ही बाजूंना दार उघडेल एवढी जागा होती. माझा शर्ट घामानं भिजला होता. माघीचा खांदा जागेवर होता. रघुनं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला आणि तो बाजारात निघून गेला. परत आमच्या गाडीनं आला नाही.

संध्याकाळी गोरखचा फोन आला. ‘‘रघुला दिली का?’’

‘‘नाय,’’ माघी म्हणाली. ‘‘अर्धा ड्रायव्हर ठेवलाय. काका.’’

गोरख हसत सुटला. मग म्हणाला, ‘‘चालव मग तूच.’’

पंप येईपर्यंत मी रोज तिच्या शेजारी बसून गेलो. स्टँडवर मला ‘पावर’ म्हणायला लागले. लांबून हाक यायची, ‘‘पावर, तेल घेतलं का?’’ आणि कुणीतरी चहा पुढं करायचं. मला ते आवडत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग पंप आला. विनोदनं तो बसवला, पण पुली माघीनं चढवली. शाफ्टच्या आट्यात लांब बोल्ट बसवला आणि त्यावरच्या नटाला पाना लावून ती तो जरा फिरवायची, थांबायची, पट्टा सरळ येतोय का बघायची, परत जरा फिरवायची. घाई नाही, जोर नाही. बघून माझ्या दंडांत कळ येत होती. मला तेलाचा डबा धरायला दिला होता, झाकण लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून, शर्ट घालून पुढच्या सीटवर जाऊन बसलो. माघी आली, गोधडी सारखी केली, माझ्याकडं बघितलं.

‘‘काय काका?’’

‘‘काही नाही. चल.’’

‘‘उतर. इथं दोन पॅसिंजर बसतात.’’

मी उतरलो. तिनं तळहातानं चाक फिरवलं, गाडी माझ्यासमोरून वळली आणि कुंपणाला न लागता रस्त्यावर गेली. उतरताना मी दार जरा जोरात लावलं होतं, ते उसळून अर्धवट राहिलं होतं. पुढं जाऊन ती थांबली, उतरली, दार उघडून नीट लावलं आणि गेली.