पालथं जनावर

संग्रहालयाच्या तळघरात खडकातून हाडं मोकळी करणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. वयाने मोठे असलेले प्लास्टरवाले मामासुद्धा. काम सांगायला सोपं. बारीक छिन्नी, सुई, ब्रश आणि भिंग. करायला कंबरतोड. दिवसभर टोकरावं तेव्हा संध्याकाळी नखाएवढं हाड उघडं पडायचं.

टेबलावर पर्मियन काळातलं जनावर होतं, पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचं. मेंढीएवढं, आखूड पायांचं. त्या जातीला कासवासारखी चोच असते, वर दोन सुळे, आणि खाणं झाडपाल्याचं. "म्हणजे डायनोसॉरच ना?" येईल तो विचारी. डायनोसॉर यायला तेव्हा फार अवकाश होता, हे सांगून सांगून ताईंच्या तोंडाला फेस आला होता. हल्ली त्या नुसतं "हो" म्हणत.

डोंगरावरून हाडं येतात ती दगडासकट, प्लास्टरच्या कवचात बांधून. जी बाजू डोंगरात खाली होती तीच आधी उघडायची, असा तळघराचा रिवाज. तिला ऊनपाऊस लागलेला नसतो. ताईंनी तेच केलं. चार वर्षांत कणा, फासळ्या, मागचे पाय मोकळे झाले. मग मानेपाशी येऊन हात थांबला. मरताना जनावराने मान मुरडली होती. डोकं पलीकडच्या बाजूला गेलं होतं.

डोकं हवं तर उघडलेल्या बाजूवर पुन्हा प्लास्टर ओतून दगड पालथा करायचा. पलीकडचा खडक निघाला की हाडांना आधार त्या प्लास्टरचाच, म्हणजे ते परत कधी काढता येणार नाही. चार वर्षांचं काम गाडायचं, आणि ताईंची निवृत्ती वर्षाच्या आत.

"राहू द्या, ताई," संग्रहालयाचे साहेब म्हणाले. "नव्या दालनात असंच मांडू. खाली तुमचं नाव घालतो."

"बिनडोक्याचं?"

"लोकांना काय फरक पडतो?"

साहेब गेल्यावर मामा पुटपुटले, "वरच्या मजल्यावर बिनडोक्यांची भरती आधीच झालीय."

ताईंना हसायचंही जिवावर आलं होतं. घरी नवऱ्याने, निवृत्त बसचालकाने, ऐकून घेतलं आणि ताट पुढे सरकवलं. "त्याला इतकी वर्षं घाई नव्हती. तुला कसली?"

"चार वर्षं नुसती पाठच बघतेय त्याची. तोंड कसं आहे ते तरी कळू दे."

सकाळी त्या मामांना म्हणाल्या, "कालवा प्लास्टर."

"नाव जाईल, ताई."

"जाऊ दे. कंबर तर गेलीच आहे."

मामांनी ओतलं. एकेक फासळी पांढऱ्यात बुडताना ताई बघत उभ्या राहिल्या, मग हात धुऊन चहाला गेल्या.

पलीकडचा खडक जास्त चिवट निघाला. डोळेही थकले होते. साहेबांनी दुसरीच हाडं मांडून दालन उघडलं. निवृत्तीच्या आठवड्यात सुईखाली तपकिरी टोक चमकलं. उरलेलं डोकं आता पुढचं माणूस काढणार होतं.

"दिसलं का तोंड?" त्या संध्याकाळी नवऱ्याने विचारलं.

"एक सुळा दिसला."

"कसा आहे?"

"झिजलाय. माती उकरून उकरून झिजला असेल."

"बरं," तो म्हणाला. "बस आता जरा."