पिंट्याचं नाक

भूतखेत, चकवा वगैरे म्हणजे माझ्या दृष्टीने रिकामटेकड्यांचे उद्योग. आजही तेच म्हणतो... फक्त जरा हळू आवाजात.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी. मी शहापूरला गॅरेजमध्ये कामाला. शेजारच्या चंदरकाकांचा दिलीप म्हसा गावच्या जत्रेआधी लाकडं आणायला रानात गेला, तो परत आलाच नाही. गावाने, पोलिसांनी रान पालथं घातलं. हळूहळू सगळे थांबले. काका नाही. रोज सकाळी दिलीपचा न धुतलेला शर्ट ते म्हाताऱ्या पिंट्या कुत्र्याच्या नाकाला लावायचे. पिंट्या कुंपणापर्यंत जाऊन झोपायचा. काका सुजलेल्या गुडघ्यांनी एकटेच पुढे.

जनावरांचे डॉक्टर म्हणालेले – म्हातारपणी कुत्र्याचे डोळे-कान आधी जातात, नाक शेवटी. याचं तेही गेलंय. मी भाजलेला बोंबील त्याच्या नाकावर ठेवून पाहिला. हा घोरतोय!

"काका, याला बोंबील कळत नाय, दिलीप काय कळणार?"

"तुला बोंबलाची पडलीय रे. त्याला पोराची पडलीय."

काका एकदाचे घरी बसावेत म्हणून मी शक्कल लढवली. दिलीपचा आणि माझा शर्ट सारखाच, जत्रेत जोडीने घेतलेला. रविवारी त्याच्या जागी गुपचूप माझा ठेवला. ऑइल-घामाने असा आंबलेला, की बायको चिमट्याने उचलते. समोर उभा असलेला मीच पिंट्याला ओळखू आलो नाही, की काकांना शर्टाचं सांगायचं – विषय संपला. हुशारच ना मी!

पिंट्याने शर्ट हुंगला. बराच वेळ. मग उठला, मला घासून पुढे गेला – आणि चक्क धावत सुटला.

"बोल आता!" काका ओरडले. "बोल ना, बोंबल्या!"

मी हसतच मागे निघालो. ओढ्यापलीकडच्या घळीत तो पाला उकरायला लागला. शोधताना मीही त्या घळीतून गेलो होतो... आधी कमरेचा पट्टा दिसला. मग दिलीप.

काकांनी शर्ट तोंडाशी धरला. "माझ्या पोराचा वास हाय रे," म्हणाले. चितेवरही त्यांनी तोच ठेवला. माझं तोंड काही उघडलं नाही.

नंतर पिंट्यापुढे पुन्हा बोंबील धरला, दिलीपचा खरा शर्टही धरला. ढिम्म. मग त्या दिवशी त्याने हुंगलं काय? कुणाला उलगडा होत असेल तर सांगा, मला झालेला नाही.

काका आता रानात जात नाहीत. घरीच बसतात. मला तेच हवं होतं.