मुत्तम्माचं मूळ गाव

बुरोंडीहून निघाले त्या सकाळी आईने माझ्या ट्रंकेत सुकट कोंबली आणि म्हणाली, "चहाच्या मुलखात चाललीस गो बाय, तिकडे म्हावरं कुठलं!" दादा एसटीच्या खिडकीखाली उभा राहून उगाच टायर बघत होता. मी रडले नाही. डोंगरभर चहा कसा दिसतो ते बघायची मला घाई झाली होती.

त्याला अकरा वर्षं झाली. कुन्नूरच्या एका चहामळ्याच्या ऑफिसात मी कारकून आहे. मोडकंतोडकं तामीळ बोलते, आणि नसत्या चौकशा करायची खोड अजून गेलेली नाही. आमच्या मळ्यावर कुणीच आपलं गाव सांगत नाही, हे मला पहिल्याच महिन्यात खटकलं. मग गोदामातली जुनी रजिस्टरं उपसली. इथे आधी नुसतं रान होतं. गोऱ्या साहेबांनी ते तोडून चहा लावला आणि दुष्काळात उपाशी पडलेली माणसं मुकादमांनी खालच्या मैदानी मुलखातून घाट चढवून आणली. अनवाणी, थंडीत. मग बाजार आला, चर्च आलं, रेल्वे आली, शहर झालं. रजिस्टरात प्रत्येकाचं नाव, वय, मुकादमाचं नाव. गाव मात्र कुठेच लिहिलेलं नाही!

हे माझ्या कोकणी डोक्यात शिरेना. आपला माणूस मुंबईत जन्म काढेल, पण गाव विचारलं तर तालुका, मुक्काम, वाडी, सगळं धडाधड सांगेल.

गेल्या वर्षी मुत्तम्मा रिटायर झाली. चाळीस वर्षं पानं खुडली बाईने. तिच्या कागदांवर 'मूळ गाव' हा रकाना रिकामा होता, तो मला बघवेना. तिच्या पणजीला आणणाऱ्या मुकादमाचं गाव एका जुन्या पत्रात सापडलं होतं. तिची पणजीही तिथलीच असणार असं धरून तेच मी ऐटीत भरून टाकलं. वाटलं, केवढं पुण्य केलं! आठ दिवसांत तिला नोटीस आली: तुम्हाला मूळ गाव आहे, तेव्हा मळ्याची खोली सोडा. रिटायर झाल्यावर ज्यांना दुसरीकडे गाव नाही त्यांनाच खोली ठेवता येते. हा नियम मीच टाइप केला होता आणि गावाच्या नादात साफ विसरले होते.

धावत मजुरांच्या खोल्यांकडे गेले. मुत्तम्मा चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "त्या गावात मला कोण ओळखतं? माझी आई त्या उतारावर पुरली, दोन पोरं तिथेच पुरली. तुला गावच लिहायचं ना, मग हे लिही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅनेजरसमोर चूक कबूल केली. तो भडकला, नोकरी जाईल म्हणाला. म्हटलं, जाऊ दे, पण तिची खोली जाता कामा नये. ते नाव खोडून मळ्याचं नाव लिहिलं आणि खाली सही ठोकली. महिनाभराने मॅनेजरने नोटीस मागे घेतली. मुत्तम्मा आहे तिथेच आहे, आणि मला रोज टोमणे मारते.

आई, तू दर फोनवर विचारतेस, घरी कधी येतेस. गणपतीत येते. पण खरं सांगू? पाच दिवस झाले की मला घरची ओढ लागते, आणि ते घर बुरोंडीत नसतं. रागावू नकोस गो.