भावोजींचं ‘होईल’

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, प्लंबर. जन्मभर त्यांच्या तोंडी एकच शब्द. गुरुवारपर्यंत काम होईल का? होईल. एवढ्याशा जागेत दोन पाइप बसतील का? होईल. एखाद्या नटाला साऱ्या नाटकात एकच वाक्य मिळावं आणि त्याने त्यावर हमखास टाळी घ्यावी, तसे ते म्हणत. ‘नाही’ म्हणणं त्यांना उर्मटपणा वाटे. मग शेवटच्या दिवशी पळापळ, सांधे न तपासताच वर फरशी, आणि महिन्याभरात खालच्या मजल्याचं छत ओलं. की भावोजी छिन्नी-हातोडा घेऊन हजर. धंद्यात त्यांचं नावच ‘छिन्नी’ पडलं होतं, आणि त्याचाही त्यांना अभिमान.

मग घरात सून आली. ती कुठलीही इमारत आधी कॉम्प्युटरवर बांधते. भिंती, तुळया, नळ, तारा, सगळं जागच्या जागी. आम्हा नाटकवाल्यांच्या रंगीत तालमीसारखंच की. काय फजिती व्हायची ती पडदा उघडण्याआधीच होऊन जाते. एका दवाखान्याच्या बांधकामावर तिने सासऱ्यांसाठी शब्द टाकला. पहिल्याच दिवशी भावोजींचा सांडपाण्याचा पाइप कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुळईच्या पोटातून आरपार गेलेला दिसला, चूक म्हणून लालभडक. ते म्हणाले, जागेवर बघू, फोडून काढू. सुनेने पाइप तिथल्या तिथे वीतभर सरकवला. धूळ नाही, आवाज नाही, याला काम म्हणायचं का, असं ते घरी येऊन बहिणीला विचारत होते.

खरी पंचाईत होती सोमवारच्या बैठकीत. साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत सगळे कारागीर जमत आणि आपलं काम पुढच्याच्या हाती कोणत्या दिवशी देणार, त्याची रंगीत चिठ्ठी ज्याची त्यानेच भिंतीवर लावायची. नियम एकच, जमणार असेल तरच लावायची. भावोजी सवयीने ‘होईल’ म्हणत लावून मोकळे. दोनदा फरशीवाला माणसं घेऊन आला आणि पाइप उघडेच. माणसं बसून राहिली. दुसऱ्या वेळी साइटच्या मुख्य बाईंनी त्यांच्यादेखतच सुनेला सांगितलं, पुन्हा असं झालं तर दुसरा प्लंबर बघू.

सून काही बोलली नाही. घरीही नाही. जेवताना नेहमीसारखी भाजी वाढली. तेच भावोजींना लागलं. काम त्यांचं जाणार होतं, पण शब्द तिचा.

पुढच्या सोमवारी फरशीवाल्याने हाताची घडी घालून विचारलं, तिसऱ्या मजल्यावरच्या मोऱ्या गुरुवारी मिळणार का? भावोजी सांगतात, जीभ ‘हो’पर्यंत पोचली होती. सुनेने मान खाली घातली होती.

“नाही होणार,” भावोजी म्हणाले. “पाइप गुरुवारी जोडून होतील. पण पाणी भरून, दाब लावून बघायचंय. शनिवारी घ्या.”

फरशीवाल्याने भिंतीवरची आपली चिठ्ठी काढली आणि शनिवारच्या रकान्यात लावली.

“हे आधी सांगत जा की राव. तोवर मी जिना उरकतो.”

शुक्रवारी एक सांधा पाझरलाच. उघडाच होता, पाना लावून भावोजींनी तो चहा निवायच्या आत नीट केला. छिन्नी पिशवीतच राहिली. शनिवारी मोऱ्या फरशीवाल्याच्या ताब्यात गेल्या आणि दुसऱ्या प्लंबरचा विषय मुख्य बाईंनी पुन्हा काढला नाही.

रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. स्वयंपाकघरातला नळ कधीचा ठिबकत होता. बहिणीने विचारलं, आज होईल का हो? आम्ही उत्तर पाठ असल्यासारख्या बसलो होतो.

“आज नाही होणार,” भावोजी म्हणाले. “वायसर नाही घरात. उद्या येताना आणतो.”

बहिणीने हातातला डाव खाली ठेवला आणि सुनेकडे वळून म्हणाली, “पोरी, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मला कळलं, नळ नेमका कधी दुरुस्त होणार ते.”